विश्लेषण : प्लेटलेट्सचा आकडा ठीक, तरी रक्त का थांबेना? फॉन विलेब्रांड यांचा शंभर वर्षांपूर्वीचा संशय पुढे कसा खरा ठरला?

डेंग्यूचा ताप आला की घरात पहिला प्रश्न असतो, प्लेटलेट्स किती? आकडा दीड लाखाच्या वर गेला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण काही माणसांत हा आकडा अगदी व्यवस्थित असतो आणि तरीही ओठाला झालेल्या छोट्याशा जखमेतून तीन दिवस रक्त वाहत राहते. असे का व्हावे, हा प्रश्न १९२४ मध्ये फिनलंडमधील एका डॉक्टरांना पडला. त्यांचे नाव एरिक आडोल्फ फॉन विलेब्रांड. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत सर्वाधिक आढळणारा आजार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे त्यांनी ज्या प्लेटलेटवर संशय घेतला ती त्यांच्या रुग्णांत निर्दोष होती. तोच संशय त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी वेगळ्याच रुग्णांच्या बाबतीत खरा ठरला आणि त्याचा पुरावा मिळाला तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये.

बेटावरून आलेली मुलगी...

फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधील समुद्रात ऑलंड नावाचा बेटांचा समूह आहे. तो फिनलंडचा भाग, पण तेथील लोक स्वीडिश बोलतात. यापैकी फोग्लो या बेटावरील पाच वर्षांच्या मुलीला एप्रिल १९२४ मध्ये हेलसिंकीच्या डीकनेस रुग्णालयात आणण्यात आले. नाकातून, हिरड्यांतून रक्त येणे तिला नवे नव्हते. तीन वर्षांची असताना वरच्या ओठाला जखम झाली तेव्हा तीन दिवस रक्त थांबले नव्हते आणि ती जवळपास बेशुद्धावस्थेत गेली होती. तिच्या भावंडांपैकी अनेकांना हाच त्रास होता. काही बहिणी तर अगदी लहान वयात रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. आई आणि वडील, दोघांच्याही घराण्यांत असे रक्त जाण्याचा इतिहास होता.

त्या काळातील कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिले नाव आले असते ते हिमोफिलियाचे. युरोपच्या राजघराण्यांमुळे हा आजार सर्वांना ठाऊक झाला होता. पण हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांना होतो. आई वाहक असते, तिला स्वतःला सहसा फारसा त्रास नसतो. शिवाय त्यात रक्तस्राव होतो तो गुडघा, कोपर अशा सांध्यांत. येथे मुली आजारी होत्या आणि रक्त येत होते ते नाक, हिरड्या आणि त्वचेखाली. ही विसंगती साधी वाटते. पण ती पाहून थांबायला आणि तिच्या मागे लागायला फॉन विलेब्रांड यांच्यासारखा माणूस लागला.

कोण होते फॉन विलेब्रांड?

एरिक फॉन विलेब्रांड यांचा जन्म १ फेब्रुवारी १८७० रोजी फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वासा या शहरात झाला. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. वडील अभियंता. मुलाला ओढ होती ती निसर्गाची. झाडे, फुलपाखरे आणि पक्षी यांची त्याला शाळकरी वयातच चांगली जाण होती. पुढे वैद्यकशास्त्राकडे वळल्यावरही नीट पाहणे आणि टिपून ठेवणे ही सवय सुटली नाही.

हेलसिंकीत शिकत असताना १८९४ आणि १८९५ च्या उन्हाळ्यांत त्यांनी ऑलंडच्या मारियेहाम्न गावातील आरोग्यस्नानगृहात कनिष्ठ डॉक्टर म्हणून काम केले. म्हणजे त्या बेटांशी त्यांची ओळख ती मुलगी येण्याच्या तीस वर्षे आधीपासूनची. १८९६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १८९९ मध्ये डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडलेला विषयही रक्ताचाच होता. शरीरातून बरेच रक्त गेल्यानंतर उरलेल्या रक्तात काय बदल होतात आणि ते पुन्हा कसे भरून येते, याचा त्यांनी अभ्यास केला. पुढे शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवले, १९०८ पासून १९३३ मध्ये निवृत्त होईपर्यंत डीकनेस संस्थेच्या औषधोपचार विभागाचे ते प्रमुख होते. चयापचय, स्थूलता, मधुमेह हे त्यांचे विषय. इन्सुलिन अगदी नवे असताना मधुमेही बेशुद्धावस्थेत त्याचा वापर करून त्याविषयी लिहिणाऱ्या फिनलंडमधील पहिल्या डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते.

ती मुलगी त्यांच्यापुढे आली तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. इतके नाव मिळवलेला, मोठ्या विभागाचा प्रमुख असलेला डॉक्टर एका मुलीवर उपचार करून तिला घरी पाठवून देऊ शकला असता. ते तिच्या घराण्याचा शोध घेत राहिले.

६६ जणांच्या नोंदीत काय आढळले?

या कुटुंबातील ६६ जणांची माहिती त्यांनी गोळा केली. त्यापैकी २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता. ३५ स्त्रियांपैकी १६ आणि ३१ पुरुषांपैकी ७. हिमोफिलियाच्या नेमके उलट चित्र. स्त्रियांचा आकडा मोठा दिसण्यामागे एक कारण उघड आहे. मासिक पाळी आणि बाळंतपण हे दोन प्रसंग स्त्रीच्या आयुष्यात येतातच आणि रक्त थांबवण्याची यंत्रणा कमकुवत असेल तर ती तेथे उघडी पडते. पुरुषाला दात काढावा लागला नाही किंवा मोठी जखम झाली नाही, तर दोष अंगात असूनही आयुष्यभर कळत नाही.

ती मुलगी वयात आली. तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीतील रक्तस्रावात तिचा मृत्यू झाला. तिचा आजार काय आहे हे तोवर छापून आले होते, पण त्यावर देण्याजोगे औषध कोणाकडेच नव्हते. आजही अनेक घरांत मुलीच्या पाळीत फार रक्त जात असेल तर आईला, मावशीलाही असेच व्हायचे, असे सांगून विषय संपवला जातो. आईला आणि मावशीलाही असेच व्हायचे, हीच खरे तर डॉक्टरला सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

आई-वडील दोघांच्याही बाजूने दोष आला की आजार तीव्र होतो. ऑलंडसारख्या लहान बेटांवर पिढ्यान् पिढ्या मोजक्याच घरांत लग्ने होत. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या समाजांत आहे, तेथेही आई आणि वडील दोघांकडून एकच सदोष जनुक मुलाकडे येण्याची शक्यता वाढते ती याच कारणाने.

संशय प्लेटलेटवरच का गेला?

जखम झाली की शरीर दोन कामे करते. आधी प्लेटलेट्स, म्हणजे रक्तबिंबिका, फाटलेल्या रक्तवाहिनीच्या कडेला चिकटतात आणि एकमेकींना धरून तात्पुरते बूच तयार करतात. त्याच सुमारास रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि त्या बुचाभोवती पक्की जाळी विणतात. हिमोफिलियात बिघडते ते दुसरे काम.

फॉन विलेब्रांड यांनी त्या काळी उपलब्ध असलेल्या चाचण्या केल्या. प्लेटलेट्स मोजल्या, त्या पुरेशा होत्या. काचेत घेतलेले रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहिले, तोही नेहमीइतकाच होता. मग कानाच्या पाळीला बारीक टोचून रक्त आपोआप थांबायला लागणारा वेळ मोजला. येथे मात्र घोडे अडले. तो वेळ खूपच लांबलेला होता. दंडाला पट्टा आवळला की त्वचेवर बारीक लाल ठिपके उमटत.

निष्कर्ष तर्काला धरून होता. जाळी विणण्याचे काम ठीक आहे, बूच बसत नाही. प्लेटलेट्स संख्येने पुरेशा आहेत, म्हणजे त्या काम नीट करत नसाव्यात किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीत काही दोष असावा. १९२६ मध्ये फिनलंडमधील स्वीडिशभाषक डॉक्टरांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हे सारे स्वीडिशमध्ये प्रसिद्ध केले आणि आजाराला आनुवंशिक छद्म-हिमोफिलिया असे नाव दिले. जगातील बहुतेक डॉक्टरांना ते वाचता येणेच शक्य नव्हते. १९३१ मध्ये जर्मन भाषेतील लेख आल्यावर त्याकडे लक्ष गेले. पुढे जर्मनीतील रुडॉल्फ युर्गन्स यांच्यासह त्यांनी याच कुटुंबांचे रक्त पुन्हा तपासले. दोघांनीही दोष प्लेटलेटच्या कामातच धरला.

१९३० मध्ये त्यांना मानद प्राध्यापक ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतरही हा विषय त्यांनी सोडला नाही. ऑलंडच्या या आजारावरील त्यांचा लेख १९४५ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. तो त्यांचा शेवटचा. स्वतःच्या कामाविषयी फारसे न बोलणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. १२ सप्टेंबर १९४९ रोजी पर्नो येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या आजाराचे खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

मग दोष नेमका कुठे सापडला?

१९५० च्या दशकात स्वीडनच्या इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लॉमबॅक यांनी ऑलंडच्या त्याच कुटुंबांची पुन्हा तपासणी केली. युर्गन्सही त्यात सहभागी होते. रक्तद्रवातून वेगळा काढलेला एक प्रथिनयुक्त अंश अशा रुग्णाला दिला की रक्त थांबण्याचा वेळ सुधारतो, असे त्यांना आढळले. त्या अंशात प्लेटलेट्स नव्हत्या. म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट्स कामाच्या होत्या. त्यांना हवे असलेले काहीतरी रक्तद्रवात नव्हते. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवातून काढलेला अंशही तेच काम करी, तेव्हा हे काहीतरी हिमोफिलियात कमी पडणाऱ्या घटकाहून वेगळे आहे हेही स्पष्ट झाले.

१९५७ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध झाली. पुढे या प्रथिनाला फॉन विलेब्रांड घटक हे नाव मिळाले. १९८५ मध्ये त्याचे जनुक हाती आले. ते १२ व्या गुणसूत्रावर आहे. १९९३ मध्ये ऑलंडच्या मूळ कुटुंबातील बिघाडही सापडला. जनुकाच्या १८ व्या खंडात सायटोसिन हे एकच अक्षर गळालेले होते. एक अक्षर गळाले की पुढची सगळी वाचनाची घडी सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. फोग्लोच्या घराण्याचा प्रश्न येथे सुटला. फॉन विलेब्रांड यांचा प्लेटलेटवरील संशय मात्र फोल ठरला, असे तेव्हा वाटले असते.

प्लेटलेटचा ‘हात’ म्हणजे काय?

फॉन विलेब्रांड घटक हा लांबच लांब, गुंडाळलेल्या दोरासारखा रेणू आहे. रक्तवाहिनीची भिंत फाटली की तो तेथे चिकटतो आणि वाहत्या रक्ताच्या ताणाने उलगडतो. त्या वेगाने जाणाऱ्या प्लेटलेटला हा दोर पकडायचा असतो. धावत्या लोकलचा दांडा पकडण्यासारखेच ते. पकडायला हात लागतो. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर असे सुमारे २५ हजार हात असतात. त्यांना शास्त्रीय भाषेत ग्लायकोप्रोटीन १बी-९-५ संकुल म्हणतात. बाहेरचा संदेश किंवा रेणू पकडणाऱ्या अशा प्रथिनांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात.

दोर नसेल तर हात असून उपयोग नाही, ही झाली ऑलंडची कहाणी. उलट बाजूही असणारच. फॉन विलेब्रांड हयात असतानाच, १९४८ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ बर्नार आणि ज्याँ-पिएर सुलिए यांनी अशा रुग्णाचे वर्णन केले, ज्याच्या प्लेटलेट्स आकाराने अवाढव्य होत्या आणि रक्त थांबत नव्हते. १९७५ मध्ये कळले की या प्लेटलेट्सवर तो हातच नसतो.

या दोहोंतील फरक ओळखायला मदत झाली ती एका बाद झालेल्या औषधाची. रिस्टोसेटिन हे प्रतिजैविक रुग्णांच्या प्लेटलेट्स कमी करते म्हणून वापरातून काढावे लागले. पण नळीत मिसळले की ते दोर आणि हात यांची गाठ घालून देते आणि प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात. फॉन विलेब्रांड आजारात या गुठळ्या होत नाहीत, पण निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळला की होतात. बर्नार-सुलिए आजारात रक्तद्रव मिसळूनही होत नाहीत, कारण पकडणारेच कोणी नसते. रुग्णांसाठी निकामी ठरलेले हे औषध पुढे कित्येक वर्षे रक्तचाचणीच्या प्रयोगशाळांत निदानासाठी कामी आले.

प्रयोगशाळेतील पेशी कशासाठी लागल्या?

रुग्णाच्या जनुकात एक बदल सापडला, एवढ्यावरून तोच गुन्हेगार ठरत नाही. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असे असंख्य बदल असतात आणि त्यातील बहुतेक निरुपद्रवी असतात. हा बदल हात बिघडवतो का, हे दाखवायचे तर तो निरोगी पेशीत मुद्दाम घालून पाहायला हवा. नेमके येथेच प्लेटलेट दगा देते. तिला केंद्रकच नसते. ती अस्थिमज्जेतील एका मोठ्या पेशीचा सुटलेला तुकडा असते, आठ-दहा दिवस जगते आणि संपते. तिच्यात बाहेरून जनुक घालून ते चालवून घेता येत नाही की तिला बशीत वाढवता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसऱ्याच प्राण्याच्या पेशी घेतल्या. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या लहान प्राण्याच्या बीजांडकोषातील पेशी प्रयोगशाळेत १९५७ पासून वाढवल्या जात आहेत. अनेक औषधी प्रथिनेही आज त्यांच्यातच तयार केली जातात. या पेशींवर प्लेटलेटचे हात मुळात नसतात, आणि त्याचाच फायदा होतो. मानवी जनुक घातल्यावर पृष्ठभागावर जे दिसेल ते त्या जनुकाचेच.

पद्धत अशी. हातासाठीचे मानवी जनुक डीएनएच्या छोट्या वर्तुळात बसवायचे. एका संचात ते जसेच्या तसे, दुसऱ्यात रुग्णात आढळलेले एक अक्षर बदलून. दोन्ही पेशींत सोडायचे. मग त्या हाताला चिकटणारे, चमकणारा रंग लावलेले प्रतिपिंड टाकायचे आणि लेझरच्या झोतासमोरून एकेक पेशी सोडून कोणती किती चमकते ते मोजायचे. चमक कमी असेल तर हात पृष्ठभागावर पोहोचलेला नाही. त्या वेळी पेशी फोडून पाहिले तर प्रथिन आतच अडकलेले किंवा नष्ट झालेले आढळते. चमक नेहमीइतकी असेल तर पुढचा प्रश्न, हा हात दोर पकडतो का आणि किती घट्ट?

१९९२ मध्ये अशाच पेशींतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. हा हात एका प्रथिनाचा नाही. १बी-अल्फा, १बी-बीटा आणि ९ ही तिन्ही प्रथिने एकत्र जुळली तरच तो पुरेशा प्रमाणात पृष्ठभागावर येतो. एकाचेच जनुक घातले तर बाहेर फारसे काही दिसत नाही. बर्नार-सुलिए आजारात तीन वेगवेगळ्या जनुकांत बिघाड का आढळतात आणि रुग्ण मात्र सारखेच का दिसतात, याचे उत्तर त्यातून मिळाले. दोर पकडणारा पंजा अल्फाचा. पण बीटा किंवा ९ बिघडले तरी पंजा बाहेर येत नाही.

हात अति घट्ट असेल तर?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील डॉक्टरांना काही वेगळे रुग्ण आढळले. लक्षणे फॉन विलेब्रांड आजाराची. रक्तात त्या घटकाचे सर्वांत लांब दोर कमी. प्लेटलेट्सही कधी कधी कमी. पण रिस्टोसेटिनचा अगदी थोडा डोस दिला तरी प्लेटलेट्स भराभर गोळा होत. असा एक प्रकार आधीच माहीत होता. त्यात दोरच इतका चिकट असतो की जखम नसतानाही प्लेटलेट्सना पकडतो. या नव्या रुग्णांतील दोर तपासला तर तो चांगला निघाला. दुसऱ्याच्या शरीरातला दोर दिला तरी यांच्या प्लेटलेट्स त्यावर झडप घालत. दोष हातात होता.

१९९१ मध्ये अशा एका कुटुंबात १बी-अल्फाच्या जनुकात बदल सापडला. प्रथिनाच्या २३३ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते. १९९३ मध्ये दुसऱ्या कुटुंबात २३९ व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आढळले. (आजच्या क्रमांकांनुसार या जागा २४९ आणि २५५ आहेत. जुने आणि नवे अहवाल ताडून पाहताना येथे हमखास गोंधळ होतो.) शेकडो घटकांच्या साखळीतील एक मणी बदलला, त्याने एवढे होईल का? हॅमस्टरच्या पेशींत हे बदल घालून पाहिले गेले. बदललेला हात दोराला नेहमीच्या हातापेक्षा अधिक घट्ट धरत होता, आणि तेही फारसे उत्तेजन न देता. त्या पेशींत रुग्णाचे दुसरे काहीच नव्हते. त्याचे वय, आहार, इतर जनुके, औषधे, काही नाही. फक्त तो एक मणी. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

२००२ मध्ये हात आणि दोर एकमेकांना धरलेल्या अवस्थेतील त्यांची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा कारणही दिसले. हाताच्या कडेला एक लवचीक वळण आहे. दोर जवळ आल्यावर ते आकार बदलून त्याला बिलगते. हे दोन्ही मणी त्याच वळणात आहेत. व्हॅलिन आल्याने वळण आधीच पकडीच्या आकारात राहू लागते.

आता एक कोडे उरते. पकड घट्ट असेल तर रक्त लवकर थांबायला हवे, रुग्णाला रक्तस्राव का? कारण हा हात जखमेची वाट पाहत नाही. वाहत्या रक्तातच तो लांब दोर गोळा करून बसतो. दोर आणि प्लेटलेट्स असे एकमेकांत अडकून रक्तातून बाहेर काढले जातात आणि जखम होते तेव्हा कामाचे लांब दोरही नसतात आणि प्लेटलेट्सही पुरेशा नसतात.

निदान चुकले तर काय होते?

येथे प्रश्न नुसत्या नावाचा राहत नाही. दोर सदोष असलेल्या रुग्णाला बाहेरून चांगला दोर, म्हणजे फॉन विलेब्रांड घटकाचे इंजेक्शन देतात. तेच औषध हात अति घट्ट असलेल्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेत दिले तर त्याच्या प्लेटलेट्स त्या नव्या दोरावर तुटून पडतात, आकडा आणखी घसरतो आणि रक्तस्राव वाढू शकतो. अशा रुग्णाला मुख्यतः निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स देतात. सौम्य फॉन विलेब्रांड आजारात शरीरातील साठा बाहेर काढण्यासाठी डेस्मोप्रेसिन दिले जाते, तेही येथे जपूनच वापरावे लागते.

साध्या रक्तचाचणीत हे दोन्ही रुग्ण जवळपास एकसारखे दिसतात. फरक कळतो तो रुग्णाच्या प्लेटलेट्स आणि निरोगी रक्तद्रव, तसेच निरोगी प्लेटलेट्स आणि रुग्णाचा रक्तद्रव अशी अदलाबदल करून पाहिल्यावर, किंवा दोन्ही जनुके वाचल्यावर. आपल्याकडे मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही आयसीएमआरची संस्था आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांवर काम करते. घरात एकाहून अधिक जणांना नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर ते न थांबणे किंवा पाळीत अति रक्त जाणे असा त्रास असेल, तर प्लेटलेट्सचा आकडा ठीक आहे एवढ्यावर समाधान न मानता रक्तविकारतज्ज्ञांना भेटणे योग्य.

हॅमस्टरच्या पेशींना मर्यादा आहेतच. त्या प्लेटलेट नव्हेत. प्लेटलेट आतून कशी जागी होते, आकार कसा बदलते, हे त्यांच्यात दिसत नाही. म्हणून आता माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांपासून प्लेटलेट्स तयार करणाऱ्या मोठ्या पेशी बशीत वाढवल्या जातात आणि रुग्णातील जनुकबदल त्यांच्यात तपासला जातो. ते काम वेळखाऊ आणि महाग आहे. नवा बदल सापडल्यावर पहिली परीक्षा बहुधा अजूनही साध्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशींतच होते.

हात अति घट्ट असणाऱ्या या आजाराला वैद्यकीय ग्रंथांत प्लेटलेट प्रकारचा फॉन विलेब्रांड आजार म्हणतात. त्या रुग्णांच्या शरीरात फॉन विलेब्रांड घटकाचे जनुक निर्दोष असते. दोष असतो तो प्लेटलेटमध्ये, म्हणजे १९२६ मध्ये फॉन विलेब्रांड यांनी जेथे बोट ठेवले होते तेथेच.